कालवलेली माती

भूकंप झाला तेव्हा शरयू टिपणीस कणीक मळत होती आणि तिचा नवरा श्रीरंग बेसबॉलची मॅच बघायला म्हणून ऑफिसातून लवकर आला होता. एरवी सातच्या आत घरी न दिसणारा माणूस नेमका त्या संध्याकाळी पाच वाजता घरात असावा, हे शरयूला पुढे कितीतरी दिवस देवाचं देणं वाटत राहिलं. पंधरा वर्षांची दीपा टेबलाखाली शिरली, कारण शाळेत तसं शिकवलं होतं. हे दोघं मात्र देवघरासमोर नुसते उभे राहिले, कारण त्यांना कोणी काहीच शिकवलं नव्हतं. पंधरा सेकंदांत सगळं थांबलं. घर शाबूत होतं, माणसं शाबूत होती. मग शरयूला गॅरेज आठवलं.

सांता क्लारामधल्या त्या घराचं गॅरेज अकरा वर्षं गाडीला मिळालं नव्हतं. तिथे शरयूचं चाक होतं, फळ्या होत्या आणि कोपऱ्यात विजेवर चालणारी एक लहानशी भट्टी होती. कम्युनिटी कॉलेजात सहा आठवड्यांचा वर्ग करून ती मातीकाम शिकली आणि पुढचं सगळं एकटीने, स्वतःच्या हिकमतीवर. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. महाराष्ट्र मंडळासाठी तिने तीनशे पणत्या केल्या होत्या आणि त्या न भाजलेल्या अशा फळ्यांवर वाळत होत्या. दार उघडलं तेव्हा फळ्या खाली होत्या, भट्टी आडवी पडून तिच्या आतल्या विटा फुटल्या होत्या आणि पणत्यांचा लाल चुरा घोट्यापर्यंत साचला होता.

फोन करणारे सगळे एकच म्हणत होते, जिवावरचं शेपटावर निभावलं. खरंच होतं ते. ओकलंडला वरचा रस्ता खालच्या रस्त्यावर कोसळून माणसं गेली होती, आणि आपण पणत्यांसाठी रडायचं याची शरयूला लाज वाटली. म्हणून ती रडली नाही. मंडळाने दिवाळीला दुकानातून मेणबत्त्या आणल्या, छान उजेड पडला आणि पणत्यांची आठवण कुणालाही झाली नाही. हे तिला भूकंपापेक्षाही जास्त लागलं, पण असल्या गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात.

श्रीरंग माणूस वाईट नव्हता. त्याने दोन शनिवार घालवून गॅरेज साफ केलं. मग मोकळ्या जागेकडे बघत तो म्हणाला की आता यंदाच्या पावसात गाडी आत ठेवता येईल. पण चुऱ्याची पोती शरयूने टाकू दिली नाहीत. माती भाजलेली नव्हती, म्हणजे वाया गेलेली नव्हती. भिजवली की पुन्हा माती.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिला पेपरात एक बातमी दिसली. सॅन होजेमध्ये जर्दाळू डबाबंद करण्याचा एक जुना कारखाना होता, तो बंद पडून वर्षं झाली होती. एडिथ नावाच्या एका निवृत्त शिक्षिकेने त्याची शेड मिळवून भूकंपात ज्यांच्या कार्यशाळा गेल्या अशा कारागिरांसाठी उघडली होती. प्रत्येकाला एक टेबल, तीन फळ्या आणि सगळ्यांत मिळून एक मोठी गॅसची भट्टी. भाडं नाही, अट एकच. प्रत्येकाने सगळ्यांसाठी म्हणून एक काम अंगावर घ्यायचं.

शरयू भीत भीत गेली. आपण काय, हौशी बाई. तिथे वॉटसनव्हिलची डोलोरेस होती, जी नाताळचे मातीचे देखावे करून दोन मुलं वाढवत होती आणि जिचं घरच राहण्याजोगं उरलं नव्हतं. तिथे शहात्तर वर्षांचे नाकागावा होते. सांता क्रूझच्या डोंगरातली त्यांची कार्यशाळा दरडीबरोबर खाली गेली होती आणि ते सॅन होजेत भाचीकडे राहत होते. या लोकांपुढे मंडळाच्या पणत्या कुठल्या तोंडाने सांगायच्या? पण एडिथने फक्त विचारलं, तुझी भट्टी फुटली का. फुटली म्हटल्यावर तिने टेबल दाखवलं.

कामं वाटून झालेलीच होती. डोलोरेस झाडायची. नाकागावा भट्टी रचायचे आणि पेटवायचे, कारण चाळीस वर्षं तेच करत आले होते. भट्टीला एक बोटभर भोक होतं. आत मातीचे लहान शंकू उभे केलेले असत आणि ठरावीक उष्णता झाली की एकेक शंकू वाकत जाई. काळा चष्मा लावून त्या भोकाला डोळा लावायचा आणि तिसरा शंकू वाकला की गॅस बंद करायचा. हे ज्याला दिसतं त्याच्या हाती सगळ्यांची महिन्याची मेहनत, म्हणून शेडमध्ये म्हाताऱ्याला फार मान होता.

शरयूला एडिथ म्हणाली, तू आधी जरा श्वास घे, कामाचं बघू नंतर. दुसरी कोणी असती तर खुशाल श्वास घेत बसली असती. पण फुकटचं शरयूला पचत नसे. कुणाचा रिकामा डबा परत करायचा तर त्यात निदान चार लाडू घालून देणाऱ्यांपैकी ती होती. आठवडाभर तिने लोकांचं टेबल, लोकांचा गॅस वापरला आणि तिला मिंधं झाल्यासारखं वाटायला लागलं. मग तिचं लक्ष गेलं टाकाऊ मातीकडे. प्रत्येकाच्या चाकाभोवती कातरण पडायची, फसलेली भांडी पडायची, आणि सगळी कचऱ्यात जायची. घरात शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या बाईला हे बघवेना.

तिने कुणाला न विचारता काम सुरू केलं. ती सगळ्यांची कातरण गोळा करायची, पिंपात भिजवायची, गाळून घ्यायची आणि प्लास्टरच्या लादीवर पसरून सुकवायची. आणि या मातीत आपलंही काहीतरी असावं म्हणून तिने घरून पणत्यांच्या चुऱ्याची चारही पोती आणून त्यातच कालवली. मिश्रणाला सुरेख तांबूस तपकिरी रंग आला. मळून मळून तिचे खांदे भरून आले, पण किती दिवसांनी तिला रात्री शांत झोप लागली.

नाकागावांची स्वतःची माती दरडीखाली गेली होती. त्यांना त्यांच्या देवळात नव्या वर्षाच्या चहासाठी चाळीस पेले द्यायचे होते आणि ते दर वर्षी देत आले होते. ते पिंपाजवळ आले, जाड चष्म्यातून वाकून बघितलं, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि विचारलं, कशी आहे. शरयू अभिमानाने म्हणाली, अकरा वर्षं वापरते आहे, कधी दगा दिला नाही. त्यांनी मान हलवली आणि दोन गोळे घेतले. तिने आग्रहाने चार दिले. इतर तिघांचौघांनीही घेतली.

पेले उत्तम झाले. पहिल्या, मंद भट्टीतून सगळं ठणठणीत बाहेर आलं. मग भांड्यांवर झिलई चढवून डिसेंबरच्या एका गुरुवारी मोठी भट्टी लागली आणि शनिवारी सकाळी उघडली. भट्टी उघडताना सगळे जमायचे, लग्नघरात रुखवत बघायला बायका जमतात तसे. नाकागावा दाराच्या विटा एकेक करून काढत होते. वरची फळी दिसली, डोलोरेसच्या नाताळच्या देखाव्यातल्या मेंढ्या आणि तीन राजे चकचकीत होते. कुणीतरी टाळी वाजवली. मग खालच्या फळ्या दिसल्या.

खाली पेले नव्हतेच. उतू गेलेला पाक ओट्यावर जळून बसावा तसा काळपट लगदा फळ्यांवरून खाली ओघळला होता आणि त्याखाली ते शंकूही गाडले गेले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे मारुतीसुद्धा झाला नव्हता.

एडिथने हळूच विचारलं की गॅस कधी बंद केला. नाकागावा म्हणाले, तिसरा वाकला तेव्हा. मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि त्या लगद्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "वाकला असं मला दिसलं. तो बहुतेक कधीच वाकून गेला होता आणि मला उशिरा दिसलं. डोळे गेले माझे." यापुढे भट्टी दुसऱ्या कुणीतरी बघावी, असंही त्यांनीच सांगितलं. एडिथने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. म्हातारा कोट घालून बाहेर पडला. दाराच्या चौकटीला हात लावून, उंबरठा चाचपून ते गेले, जसे ते आधी कधीच गेले नव्हते.

दुपारी शरयू फळ्या खरवडायला बसली. छिन्नीने लगदा उडवता उडवता अगदी तळाच्या फळीवर तिला एक मेंढी सापडली. डोलोरेसचीच, वरच्या फळीवर जागा पुरली नाही म्हणून खाली ठेवलेली. चारी बाजूंनी लगदा, आणि मध्ये मेंढी आपल्या चार पायांवर धड उभी. शरयूचा हात थांबला. एकाच फळीवर, एकाच आगीत, एक वितळलं आणि एक उभं राहिलं. मग आगीचा काय दोष?

तिने सहज विचारावं तसं डोलोरेसला विचारलं की तू पिंपातली माती घेतली होतीस का. डोलोरेस म्हणाली, नाही, माझी पिशवीतलीच. त्या पिशवीवर ठळक अक्षरांत छापलं होतं की माती तेराशे अंशांपर्यंत टिकते. शरयू घरी गेली आणि गॅरेजमधल्या आपल्या शेवटच्या पिशवीची घडी उलगडली. त्यावर अकराशे छापलं होतं, आणि शेडमधली मोठी भट्टी त्याच्या कितीतरी पुढे जायची. अकरा वर्षं ती अशाच पिशव्या उघडत आली होती, पण वाचायची वेळ कधी आली नव्हती, कारण तिच्या लहान भट्टीचं बटण एकाच खुणेवर असायचं आणि माती एकाच दुकानातून यायची. माती जास्त भाजली की जास्त पक्की होते, एवढंच तिला ठाऊक होतं, विटेसारखी. एकटीने काम करणाऱ्याला दुसरीही माती असते हे कळणार कसं? आणि तिने तर दोन प्रकारची माती एकत्र कालवून चाळीस पेल्यांना वाढली होती.

त्या क्षणी उठून फोन करायला हवा होता. फोन हाताच्या अंतरावर होता. पण माणसाचं मन मोठं लबाड. तिच्या मनात आधी आलं ते हे की शेडमध्ये आपण एकट्याच भारतीय बाई आहोत. इंडियन बाई आली, न विचारता मातीत हात घातला आणि सगळ्यांचं वाटोळं केलं, असा कायमचा शिक्का बसेल. टेबल जाईल. टेबल गेलं तर गॅरेजमध्ये गाडी येईल, आणि मग आपण काय करायचं, भाज्या चिरायच्या? महिनाभर झाला होता, तिला सकाळी उठून कुठेतरी जायचं असायचं. हे सोडून देण्याची कल्पनाच तिला सहन झाली नाही.

जेवताना तिने आडून आडून सांगितलं. श्रीरंग म्हणाला, "अगं, कुणी विचारलंय का तुला? म्हातारबुवा शहात्तरचे. आज ना उद्या त्यांना रिटायर व्हायचंच होतं. तू स्वतःहून कशाला इश्यू करतेस?" शरयूला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर तिला ते अजिबात आवडलं नाही. दीपा ताटातून वर न बघता म्हणाली, "बट इट वॉजन्ट हिज आइज, आई." शरयूने तिला आधी भात संपव म्हणून दटावलं.

रविवारी ती लवकर शेडमध्ये गेली आणि ती मेंढी डोलोरेसच्या फळीवर इतर मेंढ्यांत नेऊन ठेवली. पिंपातली उरलेली माती कुणी घेऊ नये म्हणून तिने ती कुजली, वास मारतेय, असं सांगून फेकून दिली. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू लागतो तो असा. डोलोरेसने तिचा खांदा थोपटला आणि म्हणाली, तू किती काळजी घेतेस आमची. चोराच्या मनात चांदणं. थोपटताना तिने जरा जास्तच निरखून पाहिलं, असं शरयूला वाटलं. पाहिलं मुळीच नव्हतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. नाकागावा आले नाहीत. शरयू मूग गिळून चाक फिरवत राहिली, पण एकही भांडं तिच्या हातून सरळ उठेना.

बुधवारी सकाळी सगळ्यांच्या टेबलांवर काहीतरी ठेवलेलं होतं. नाकागावांची भाची येऊन गेली होती. त्यांनी आपली हत्यारं वाटून टाकली होती. दरडीतून उकरून काढलेली, बांबूच्या पट्ट्या, तारा, ब्रश. डोलोरेस एक ब्रश गालाला लावून रडत होती. शरयूच्या टेबलावर एक लाकडी थापी होती, हाताळून हाताळून मूठ काळी झालेली, आणि एक चिठी. वाकड्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, चांगल्या मातीबद्दल आभार.

शरयूने थापी हातात घेतली आणि तिला ती धरवेना. किल्ल्या उचलून ती तशीच चिखलाच्या हातांनी गाडीत बसली.

भाचीच्या घरी ते बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. शेजारी तीन-चार दिवसांचे पेपर घडी न मोडता पडले होते. भाची सांगत होती की वाचत नाहीत, टीव्ही लावत नाहीत, जिना उतरताना हात मागतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला माहीत आहे तो काय सांगणार ते. भाचीने बसा म्हटलं तरी शरयू बसली नाही. तिने वाटेत इंग्रजी वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरली. तिने मातीचं सांगितलं, पिशवीवरचा आकडा सांगितला, मेंढीचं सांगितलं. भट्टी बरोबर लागली होती. शंकू तुम्हाला दिसला तेव्हाच वाकला होता.

नाकागावांनी सगळं ऐकलं. मग समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, आणि तिथे बघतच विचारलं,

"तुम्हाला हे केव्हा कळलं?"

"शनिवारी. दुपारी."

"आज बुधवार."

"हो."

त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे चार दिवस मी आंधळा होतो," ते म्हणाले.

शरयूने सॉरी म्हटलं. पुन्हा म्हटलं. या देशात सॉरी म्हटलं की समोरचा लगेच इट्स ओके म्हणतो, भाजीच्या दुकानात धक्का लागला तरी म्हणतो. ते तसं म्हणाले नाहीत. शरयूच्या डोळ्यांना धार लागली. पणत्यांसाठी न रडलेली बाई परक्याच्या घरी उभ्या उभ्या रडत होती, आणि तिला पक्कं ठाऊक होतं की हे रडू स्वतःसाठी आहे, म्हणून ते तिने पदर नसल्यामुळे स्वेटरच्या बाहीने पुसून टाकलं.

नाकागावा उठले. बूट कुठे आहेत ते त्यांनी कुणाला विचारलं नाही. खाली बसून नाड्या बांधल्या, कोट घातला. भाची हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी मान हलवली आणि पाच पायऱ्या कठड्याला न धरता उतरले. ते शरयूच्या गाडीत बसले. सिग्नलला ते काचेतून रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. ओठ हलत होते, ते शरयूला दिसत होतं.

शेडच्या दाराशी ती थांबली. तिला वाटलं, हे आत जाऊन सांगतील, आपल्याला निदान बाहेर उभं राहता येईल. पण ते दाराच्या एका बाजूला सरकले आणि तिच्यासाठी वाट मोकळी केली.

"तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी इथे आहे."

शरयू आत गेली. एडिथ झिलई ढवळत होती, डोलोरेस चाकावर होती. सगळ्यांची चाकं थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने सांगितलं की पिंपातली माती तिने कालवली होती, त्यात तिच्या घरची हलकी माती होती आणि ती या भट्टीत टिकणारी नव्हती. पेले तिच्यामुळे गेले. माती कुजली होती हेही खोटं. मिस्टर नाकागावांच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. एवढं बोलून ती थांबली. एडिथच्या तोंडून हुश्श असा श्वास सुटला आणि डोलोरेस काहीतरी प्रेमाचंच बोलायला म्हणून उठली. चूक होती, चूक कुणाच्याही हातून होते. आता इथेच थांबलं असतं तर सगळं निभावलं असतं, हे शरयूला डोलोरेसच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

तिने मागे वळून पाहिलं. नाकागावा दारात उभे होते, वाट बघत.

"आणि हे मला शनिवारपासून माहीत होतं," शरयू म्हणाली.

डोलोरेस उठली होती ती तशीच उभी राहिली.  नाकागावा आत आले, तिच्या जवळून गेले, भट्टीपाशी जाऊन अर्धवट खरवडलेली फळी त्यांनी उजेडात धरली, आणि तिच्यावर अजून कुठे कुठे लगदा राहिला आहे ते बघू लागले.